सिनेटर पेटिग्रू यांचं सौजन्य

३ मार्च १९९७

कॅझ,

पत्र बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही.

येत्या काही दिवसांत राज्य पोलिसांतला एक माणूस तुला फोन करील. त्याच्याशी नीट बोल. गव्हर्नरांनी आपल्या जिल्ह्याच्या कौटुंबिक न्यायालयावर न्यायाधीश म्हणून माझं नाव सुचवलं आहे. नाव सुचवलं की पोलीस उमेदवाराच्या जवळच्या नातेवाइकांकडे चौकशी करतात. माझ्याकडे आता जवळचा नातेवाईक एकच उरला आहे आणि तो अलास्कात फेरीबोटीची इंजिनं दुरुस्त करतो, याला माझा इलाज नाही.

तो विचारील, तुमची बहीण दारू पिते का, कर्जात आहे का, रागीट आहे का. पहिल्या दोन प्रश्नांना नाही म्हण. तिसऱ्याला 'कामापुरती' म्हण. विनोद करू नकोस. पोलीस विनोदही लिहून घेतात.

माझा फोन तू उचलत नाहीस. बोटीवर असतोस म्हणून की मी असते म्हणून, याचा विचार करणं मी सोडून दिलं आहे. पण हा उचल.

कामाचं संपलं. आईच्या घराचं छप्पर नवं घातलं. ओव्हन तिचाच आहे, दार अजून गुडघ्याने ढकलावं लागतं. नेल्डा अजून माझं ऑफिस चालवते. मी तिथे फक्त वकिली करते, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

ऑगस्टा

१९ मे

कॅझ,

पोलिसाशी बोललास हे कळलं. मी रागीट आहे का, यावर "कोर्टात नसते" असं उत्तर दिलंस, हेही कळलं. त्याने ते जसंच्या तसं लिहिलं आहे. असो.

पोलिसांचा अहवाल चांगला आला. वकील संघटनेनेही मला लायक ठरवलं. आता सगळं एका सहीवर अडलं आहे.

तू या राज्यात वाढलास तरी तुला हे ठाऊक नसणार, कारण शाळेत हे शिकवत नाहीत. शाळेत शिकवतात ते असं: गव्हर्नर नाव देतो, सिनेटची न्यायविषयक समिती उमेदवाराला समोर बसवून प्रश्न विचारते, मग सगळं सिनेट मत देतं. कायद्यात एवढंच आहे. कायद्यात नाही आणि चालतं मात्र तेच, ते असं: उमेदवार ज्या जिल्ह्यात राहतो तिथल्या सिनेटरने सही केल्याशिवाय समिती ते नाव हातातच घेत नाही. तो सिनेटर 'नको' म्हणत नाही. तो काहीच म्हणत नाही. त्याने कारण द्यायचं नसतं, त्याला मुदत नसते, त्याच्यावर अपील नसतं. या प्रथेला 'सौजन्य' म्हणतात. वकिलीत मी पुष्कळ उद्धटपणा पाहिला, पण असं सौजन्य पाहिलं नव्हतं.

आपला सिनेटर कोण, हे तुला सांगायला नको. रॅल्फ पेटिग्रू अजून आहे. केस पांढरे झाले, दात नवे आले, बाकी तोच.

नेल्डा दर सोमवारी त्याच्या ऑफिसात फोन करते. आजचं संभाषण मी शेजारच्या खोलीतून ऐकलं.

"फॉर्म साहेबांच्या टेबलावर आहे, बाई."

"गेल्या सोमवारीही तिथेच होता."

"साहेबांचं टेबल मोठं आहे."

"एवढं मोठं असेल तर त्यावर धावपट्टी करा. जिल्ह्याला विमानतळ हवाच आहे."

फोन तिकडून ठेवला गेला. मी तिला रागावले. ती म्हणाली, "न्यायाधीश झालात की मग मला सुनवा. तोवर मी तुमची नोकर नाही, तुमची तोफ आहे."

मला ही खुर्ची का हवी, असं तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. ती दीड वर्ष रिकामी आहे. मिसेस ऑर्टेगा तुला आठवत असेल, बेकरीच्या वर राहून शिवणकाम करायची. तिची मुलगी वाया गेली. दोन नाती सरकारने दूर गावी परक्या घरी ठेवल्या आहेत. आजी धडधाकट आहे, घर स्वच्छ आहे, मुली तिच्याकडे यायला रडतात. या खटल्यात वाद घालण्यासारखं काही नाही. फक्त निकाल द्यायला माणूस नाही. शेजारच्या जिल्ह्यातून एक न्यायाधीश कधीमधी येतो, घड्याळ बघतो आणि पुढची तारीख देतो. मी तिची वकील आहे, म्हणून तिचा खटला मला ऐकता येणार नाही, पण बाकीचे माझ्याकडे आले की त्या पाहुण्या न्यायाधीशाला तिच्यासाठी वेळ मिळेल. प्रत्येक तारखेनंतर कोर्टाच्या पायऱ्या उतरताना ती मला विचारते, "आज काय झालं?" आणि मला सांगावं लागतं की आज काही झालं नाही.

ऑगस्टा

२३ जून

कॅझ,

हे पत्र नीट बसून वाच.

गव्हर्नरांच्या कचेरीत नेमणुकांचं काम बघणारे एक मिस्टर ॲशबी आहेत. अतिशय सभ्य गृहस्थ. वाक्य संपवायच्या आधी तीनदा थांबतात. त्यांनी आज फोन केला.

"बाईसाहेब, जरा नाजूक विचारतो. सिनेटर पेटिग्रू यांना तुमच्याकडून कधी... म्हणजे तुमच्या घरातल्या कुणाकडून... काही लागलंबिगलं आहे का?"

मी म्हटलं, "त्यांनी तसं सांगितलं का?"

"छे, छे. ते काहीच सांगत नाहीत. तीच तर अडचण. पण साधारणपणे असं असतं तेव्हा काहीतरी घरगुती असतं."

घरगुती. मला एकच गोष्ट आठवली आणि तुलाही तीच आठवत असणार.

दोन वर्षांपूर्वीचं, आईच्या दफनानंतरचं जेवण. चर्चच्या तळघरातला हॉल, लांब टेबलं, हॅम, पिरोगी, मिसेस व्होइचिकचा खसखशीचा केक. पेटिग्रू जिल्ह्यातल्या प्रत्येक दफनाला येतो, बोलावलं नाही तरी येतो, ताट भरून घेतो आणि दोन शब्द बोलतो. तो उठला आणि म्हणाला, "काचेचा कारखाना बंद पडला तेव्हा स्टेला माझ्याकडे आली. मी तिला म्हणालो, स्टेला, तुझी पेन्शन ही माझी जबाबदारी. आणि मी ती मिळवून दिली." लोक माना डोलवत होते. आणि तू उभा राहून, तोंडात घास असताना, म्हणालास, "खोटं बोलताय तुम्ही. त्या दिवशी आईला आणि पॅकिंगमधल्या सगळ्या बायकांना तुम्ही दिवसभर बाहेर बाकावर बसवून ठेवलंत आणि मागच्या दाराने जेवायला निघून गेलात."

सगळ्या हॉलमधले काटे थांबले. त्यानंतर तू कॉफीलासुद्धा न थांबता गेलास.

खरं होतं का? होतं. राजधानीतल्या त्या बाकावर आईच्या शेजारी मीही बसले होते. पेन्शन दिली ती कोर्टाने, सहा वर्षं भांडल्यावर. पण प्रश्न खऱ्याखोट्याचा नव्हता, जागेचा होता. सत्य सांगायला एक वेळ असते आणि ती वेळ हॅम वाढताना नसते.

तेव्हा, तू पेटिग्रूला पत्र लिहायचं आहेस. मी मसुदा सोबत पाठवत आहे. त्यात तू खोटं बोललास असं कुठेही कबूल केलेलं नाही. "माझे शब्द त्या प्रसंगाला साजेसे नव्हते" एवढंच आहे. याला माफी म्हणता येईल, आणि म्हणायची नसेल तर न म्हणताही येईल. यापेक्षा सावध वाक्य या राज्यात दुसरा कुणी वकील तुला लिहून देणार नाही.

हे मी माझ्यासाठी मागत नाही, असं म्हटलं तर तू हसशील. माझ्यासाठीही मागते आहे. मी सत्तावन्न वर्षांची आहे. पुढच्या गव्हर्नरला तरुण माणसं लागतील.

ऑगस्टा

२१ जुलै

कॅझ,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. चित्रातला सामन मासा पेटिग्रूसारखा दिसतो, हे नेल्डाचं मत. मागे तू लिहिलेलं एवढंच:

"लिहिलं. तुझा मसुदा वापरला नाही. सरळ माफी मागितली. आणि मी गेलो नव्हतो, तू बाहेर जा म्हणालीस."

शेवटच्या वाक्यावर वाद घालायला मला सध्या वेळ नाही.

मसुदा का वापरला नाहीस? सरळ माफी मागायला मी सांगितलं नव्हतं. तुला एक तर तोंड उघडता येतं किंवा सगळं सोडून देता येतं, मधलं काही जमत नाही. लहानपणी बुद्धिबळातही तू असाच हरायचास, वजिरासकट.

तरी, आभारी आहे. हा शब्द मी या पत्रात दुसऱ्यांदा लिहिणार नाही. सही आली की कळवीन. आता यायला हरकत नसावी.

ऑगस्टा

६ ऑक्टोबर

कॅझ,

सही आलेली नाही.

पेटिग्रूच्या ऑफिसातून तुला आलेलं उत्तर तू पाठवलंस ते मिळालं. "आपल्या बहुमोल सूचनेबद्दल धन्यवाद. जिल्ह्यातील रस्त्यांच्या स्थितीकडे सिनेटर जातीने लक्ष पुरवत आहेत." खाली रबरी शिक्क्याची सही. तू त्यावर काहीच लिहिलं नाहीस, नुसतं पाकिटात घालून पाठवलंस. तू लिहिलं असतंस तर बरं झालं असतं. मला उत्तर देता आलं असतं.

तो छापील कागद टेबलावर ठेवून मी दोन आठवडे बघत होते. शेवटी काल रविवारी अग्निशामक दलाच्या नाश्त्याला गेले. पेटिग्रू दरवर्षी तिथे ॲप्रन बांधून पॅनकेक उलटतो आणि फोटो काढून घेतो. मी ताट घेऊन रांगेत उभी राहिले. प्रथा अशी की उमेदवाराने सिनेटरला सहीबद्दल कधी स्वतः विचारायचं नाही. विचारलं की तो म्हणू शकतो, माझ्यावर दबाव आणला. मिस्टर ॲशबींनी मला हे तीनदा थांबून सांगितलं होतं. पण माझी सहनशक्ती संपली होती.

"ऑगस्टा! किती घालू? दोन?"

"एक. सिनेटर, माझ्या भावाचं पत्र मिळालं का तुम्हाला?"

"भाऊ? तुला भाऊ आहे?"

"कॅसिमिर. आईच्या दफनाच्या दिवशी तो तुम्हाला जे बोलला त्याबद्दल त्याने लिहिलं आहे."

त्याने पॅनकेक उलटला. खरंच विचार करत होता. मी साक्षीदारांचे चेहरे वाचून पोट भरते, कॅझ. तो नाटक करत नव्हता.

"काय बोलला होता बरं? अगं, मी आठवड्याला तीन दफनांना जातो. कुणी रडतं, कुणी पितं, कुणी मला शिव्या देतं. सगळं लक्षात ठेवलं तर मला झोप लागेल का?"

"मग माझा फॉर्म?"

"तुझ्यावर माझा काडीचा राग नाही! तुझ्यासारखी न्यायाधीश मिळायला नशीब लागतं. मी हे सगळ्यांना सांगतो." मग ताटाकडे वाकून, पाक ओतता ओतता, हळू आवाजात, "पूल मंडळावर माझ्या माणसाला घ्यायला गव्हर्नर तयार नाहीत. तू काळजी करू नकोस. त्यांनी त्याला घेतलं की तू झालीसच."

मी ताट तिथेच ठेवून निघाले.

नदीवरच्या पुलांचं मंडळ. टोल किती घ्यायचा हे ठरवणारी सात माणसं. त्यातली एक जागा त्याला त्याच्या निवडणुकीचा हिशेब सांभाळणाऱ्या माणसासाठी हवी आहे. गेले सात महिने मी माझं सगळं आयुष्य चाळून काढलं, कुठे कुणाशी वाकडं बोलले, कुठला खटला कुणाच्या जावयाविरुद्ध लढवला. माझ्याशी याचा संबंधच नव्हता. आईशीही नव्हता. तुझ्याशी तर मुळीच नव्हता. नेल्डाने ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे तुम्ही उमेदवार नाहीच. तुम्ही ओलीस आहात. आधी कळलं असतं तर कपडे तसे घातले असते."

आज मी राजधानीला जाऊन समितीच्या अध्यक्षांना भेटले. इव्हॉन टिबो, माझ्याबरोबर लॉ कॉलेजात होती, तू तिला एकदा आपल्या घरी कोबीचं सूप वाढलं होतंस. अध्यक्ष असताना तिला हे चालवून घ्यायचं कारण काय, असं मी तिला विचारलं.

"गसी, समिती माझी आहे. उद्या सकाळी तुझी सुनावणी लावू शकते."

"मग लाव."

"आणि परवा माझ्या जिल्ह्यात गव्हर्नर कुणाला आणून बसवील, ते मला कोण विचारील? आज तुझ्यासाठी पेटिग्रूचं सौजन्य मोडलं, तर उद्या माझं मोडायला बाकीचे टपलेलेच आहेत. इथे प्रत्येकाच्या हातात तीच काठी आहे. कुणी कुणाची मोडत नाही."

"आणि मिसेस ऑर्टेगाच्या नाती?"

"त्या माझ्या जिल्ह्यात नाहीत," ती म्हणाली. मग लाजली. लाजली हे तिच्या बाजूने नोंदवते. पण सुनावणी लावली नाही.

तुला माफी मागायला लावली ती फुकट गेली. हे मी सांगितलं नसतं तरी तुला छापील उत्तरावरून कळलंच आहे. ज्याची माफी मागितलीस ते त्याला आठवतही नाही. मला मात्र आता रोज आठवतं. ते "खोटं बोलताय तुम्ही" शब्द.

ऑगस्टा

११ डिसेंबर

कॅझ,

पूल मंडळावर पेटिग्रूचा माणूस गेला. त्याच दिवशी दुपारी माझा फॉर्म सही होऊन आला. इतके महिने टेबलावर होता म्हणे. त्यावर एक डागसुद्धा नाही.

आज सुनावणी झाली. घरी येऊन कोट न काढता लिहिते आहे, कारण वृत्तपत्रात येईल ते तू वाचणार नाहीस, आणि वाचलंस तर ते चुकीचं असेल.

समितीच्या खोलीबाहेर आम्हाला ताटकळत बसवलं. बाक तोच आहे, कॅझ. गडद लाकडाचा, पाठीला खुपणारा. त्या दिवशी आई कोपऱ्यात बसली होती, मांडीवर डबा, आत सगळ्यांसाठी अंड्याची सँडविचं. "आत बोलावतील तेव्हा भुकेलं दिसायला नको," म्हणाली होती. मी तिच्या जागेवर बसले नाही. तिच्या शेजारी, माझ्या जागेवर बसले.

आत गेल्यावर हात वर करून शपथ घ्यायला लावतात. मग जिल्ह्याचा सिनेटर उमेदवाराच्या बाजूला बसून तिची ओळख करून देतो. त्याआधी इव्हॉनने विचारलं, "उमेदवाराच्या घरचं कुणी आलं आहे का?"

मी म्हटलं, "माझा भाऊ अलास्कात असतो." मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नेल्डा उभी राहिली होती, मोठी जांभळी हॅट घालून.

"आपण नात्याने कोण?"

"मी तिचे फोन घेते," नेल्डा म्हणाली. "भावापेक्षा जास्त." लोक हसले. सुरुवात चांगली झाली होती.

मग पेटिग्रू बोलू लागला. मी हुशार आहे, मेहनती आहे, जिल्ह्याची लेक आहे. तिथवर मी मान खाली घालून ऐकत होते. मग तो म्हणाला, "आणि हिच्या आईला मी जवळून ओळखत होतो. स्टेला डोम्ब्रोस्की. काचेचा कारखाना बंद पडला तेव्हा ती याच इमारतीत माझ्याकडे आली. मी तिला म्हणालो, स्टेला, तुझी पेन्शन ही माझी जबाबदारी. आणि मी ती मिळवून दिली. आज तिच्या लेकीला इथे आणून मी ते वर्तुळ पूर्ण करतो आहे."

शब्द न् शब्द तोच. तो दर दफनाला तेच म्हणत असणार, नाव बदलून.

लघुलेखिका टंकत होती. इव्हॉनने विचारलं, "सिनेटर पेटिग्रू यांच्या बोलण्यात उमेदवाराला काही भर घालायची आहे?" हा प्रश्न म्हणजे शिष्टाचार. उत्तर ठरलेलं असतं, "मी सिनेटरांची आभारी आहे." माझ्याआधीच्या दोघांनी तेवढंच म्हटलं होतं. मीही ते गाडीत दोनदा म्हणून पाहिलं होतं.

मी म्हटलं, "भर नाही. एक दुरुस्ती आहे."

खोलीत तुझ्या त्या हॉलसारखी शांतता झाली. इव्हॉनने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ 'गसी, नको' असा होता.

"माझ्या आईची पेन्शन सिनेटर पेटिग्रू यांनी मिळवून दिली नाही. ती राज्याच्या न्यायालयाने दिली, सहा वर्षांच्या खटल्यानंतर. सिनेटरांकडे ती आली होती हे खरं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती बाहेरच्या बाकावर बसली आणि ते मागच्या दाराने निघून गेले."

पेटिग्रू हसला. तेवढं त्याला येतं. "बरीच वर्षं झाली, ऑगस्टा. आठवणींचं काय सांगावं."

"माझी आठवण पक्की आहे, सिनेटर. मी तिच्या शेजारी बसले होते. बाक अजून तिथेच आहे. दार उघडलं तर इथून दिसेल."

पलीकडच्या जिल्ह्याचा एक म्हातारा सभासद खुर्चीत हलला. "बाई, तुम्हाला आमची मतं हवी आहेत ना?"

"हवी आहेत. पण मी आत्ताच हात वर करून शपथ घेतली. न्यायाधीश व्हायला आलेय आणि पहिल्याच मिनिटाला खोटी नोंद ऐकून आभार मानले, तर तुम्ही मला मत का द्यावं?"

कुणीतरी खोकलं. नेल्डा नाक शिंकरत होती. इव्हॉन लघुलेखिकेला म्हणाली, "दुरुस्ती नोंदवून घ्या," आणि पुढचा प्रश्न विचारला, अल्पवयीन गुन्हेगारांविषयी. मी उत्तर दिलं. मतं झाली. सगळी माझ्या बाजूने, त्या म्हाताऱ्याचंही. एवढं सगळं व्हायला अकरा मिनिटं लागली.

बाहेर इव्हॉनने मला खांबाआड ओढलं. "आता सिनेटचं अंतिम मतदान होईपर्यंत तोंड उघडू नकोस. तोवर तो सही मागे घेऊ शकतो, माहीत आहे ना?"

माहीत होतं. बोलायच्या आधीही माहीत होतं. हे तुला सांगून ठेवते, म्हणजे नंतर मी भोळी होते असं तू म्हणू नयेस.

ऑगस्टा

१३ जानेवारी १९९८

कॅझ,

काल अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता. मतदानाच्या यादीत माझं नाव नव्हतं. पेटिग्रूने शुक्रवारी आपलं सौजन्य मागे घेतलं. कारण दिलेलं नाही. द्यावं लागत नाही. अधिवेशन संपलं की मंजूर न झालेली नावं आपोआप रद्द होतात, तसं माझंही झालं. त्याचा माणूस पूल मंडळावर आहेच. तिथून कुणाला मागे घेता येत नाही.

मिस्टर ॲशबींनी फोन केला. म्हणाले, "बाईसाहेब, गव्हर्नरांना फार... फार... वाईट वाटलं." मी त्यांना वाक्य पूर्ण करायला मदत केली नाही. इव्हॉनचाही आला. ती म्हणाली, "तुझ्या आईची सँडविचं आठवतात. ती मला उपाशी सोडत नसे." मी म्हटलं, "तू आता समितीची अध्यक्ष आहेस. तुला आता कुणी उपाशी ठेवत नाही." फोन ठेवल्यावर वाटलं, जास्त झालं. पण परत केला नाही.

सगळ्यात कठीण काम मिसेस ऑर्टेगाला सांगणं होतं. खुर्ची रिकामीच राहणार, आणि ती माझ्या एका वाक्यामुळे. तिच्या नातींनी त्या वाक्याची किंमत द्यावी असं मी ठरवलं नव्हतं, पण द्यावी त्यांनाच लागणार आहे. वाक्य माझ्या आईसाठी होतं, नाती मिसेस ऑर्टेगाच्या आहेत. हे गणित मी पुन्हा पुन्हा मांडलं आणि ते सुटत नाही. तुझ्याकडे उत्तर असेल तर कळव. नसेल तर काहीतरी शहाणपणाचं लिहू नकोस.

बेकरीच्या वरच्या त्या खोलीत मी तिला सगळं सांगितलं, बाकासकट. ती मशीनवर बसून ऐकत होती. तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाली, "म्हणजे तुम्ही न्यायाधीश होणार नाही?"

"नाही."

"मग माझी वकील तुम्हीच राहणार?"

"हो."

"न्यायाधीश झाला असतात तर मला दुसरी शोधावी लागली असती." तिने टाचण्या परत तोंडात धरल्या आणि त्यांच्या आडून म्हणाली, "मला तुमचीच सवय झाली आहे. पुढची तारीख सांगा."

पुढची तारीख फेब्रुवारीत आहे. शेजारच्या जिल्ह्यातल्या त्या न्यायाधीशाने आठवड्यातून एक पूर्ण दिवस इथे बसावं, असा अर्ज मी वरच्या न्यायालयात केला आहे. नेल्डाने त्याच्या प्रती काढताना प्रत्येक पान टेबलावर आपटलं. पान आपटल्याने अर्ज मंजूर होत नाही, असं मी तिला सांगितलं. "माहीत आहे," ती म्हणाली, "पण मला बरं वाटतं."

मला अजून बरं वाटत नाही. सकाळी उठते आणि पेटिग्रूशी भांडत असते, दात घासताना. तू तुझं भांडण एका वाक्यात संपवून विमानात बसलास. मला तेच वाक्य म्हणायला अडीच वर्षं लागली, आणि तेही शपथ घ्यायला लावली तेव्हा.

समितीच्या इतिवृत्ताची प्रत मी मागवली होती. ते पान सोबत आहे. आईचं नाव बरोबर टंकलं आहे. खाली 'दुरुस्ती' असा शब्द आहे आणि त्यापुढे तू त्या हॉलमध्ये जे म्हणालास ते, थोडं सभ्य करून. ते आता राज्याच्या दप्तरात आहे. ते कुणाला मागे घेता येत नाही. ते पान तू ठेव. माझ्यापेक्षा त्यावर तुझा हक्क जास्त आहे.

ईस्टरला बोट सोडता आली तर ये. ओव्हनचं दार तुला जमतं, मला नाही.

नाही जमलं तरी एका वेळी मात्र यावंच लागेल. पेटिग्रू माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा आहे, पण असली माणसं टिकतात. माझ्या दफनालाही तो येईल, ताट भरून घेईल आणि उठून म्हणेल की ऑगस्टासाठी मी जिवापाड खटपट केली. तेव्हा तू उभा राहा. घास गिळून मग बोल. या वेळी तुला बाहेर जा म्हणायला मी नसेन.

ऑगस्टा